पहिल्या बोलावण्याला कोण येतं

सातुर्निनोचं म्हणणं असं, की माणसाने स्वतःहून एखादी गोष्ट अंगावर घेतली तर तिच्या बऱ्यावाईटाला तो जबाबदार. पण जी पाळीने अंगावर येते तिच्या परिणामांना पाळीच जबाबदार. इमारतीचं अध्यक्षपद त्याच्याकडे पाळीने आलं होतं. लास नोरियास वस्तीत हे पद कोणी मागत नाही आणि कोणाला नाकारताही येत नाही. एका वर्षी तळमजला डावीकडचा, पुढच्या वर्षी उजवीकडचा, असं ते जिना चढत जातं आणि एक दिवस आपल्या दारात येऊन उभं राहतं. त्याच्या आधीच्या अध्यक्ष एदुविगिसबाई यांनी वर्षभरात जिन्यातला एक दिवा बदलून दाखवला होता, आणि त्याबद्दल त्या अजून बोलत असत. सातुर्निनोच्या वाट्याला द्रुतगती मार्ग आला.

हा मार्ग त्यांच्या खिडक्यांखालून धावायचा. मधे सिमेंटचा कठडा, दोन्ही कडेला उंच जाळी, आणि वस्तीचे सरळ दोन तुकडे. त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या तसं सगळे नुसतं ‘तो’ म्हणत. ‘त्या’च्यामुळे झोप लागत नाही, ‘त्या’च्यामुळे वाळत घातलेल्या चादरी काळ्या होतात, ‘त्या’च्या पलीकडे भाजी स्वस्त आहे पण जाणार कोण. इतकी वर्षं शिव्या खाऊन ‘तो’ जिथल्या तिथे होता. आणि आता अचानक नगरपालिकेने ठरवलं, की ‘त्या’ला माणसात आणायचं. बाहेरच्या गाड्या बाहेरूनच जातील. इथे झाडं, बाकं, सिग्नल, चालणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे, थोडक्यात चारचौघांसारखा रस्ता होईल.

पण आधी चाचणी. जूनमधल्या एका रविवारी दिवसभर गाड्या बंद ठेवून जाळीला वाटा पाडणार आणि संध्याकाळी पालिकेची इंजिनिअर येऊन माणसं मोजणार. वस्ती रस्त्यावर उतरली तर ठीक. नाही उतरली, तर लोकांना गरज नाही असं धरून ती झाडं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीला देणार. त्या वस्तीचीही चाचणी त्याच संध्याकाळी होती.

आता खरं सांगायचं तर सातुर्निनोला झाडांचं फारसं कौतुक नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो पलीकडच्या एका बाल्कनीत. तिथे त्याची थोरली बहीण कासिल्दा राहायची. सकाळी ती टेबलावरची चादर झटकायला बाहेर यायची आणि हा इकडून कॉफीचा कप उंच करायचा. मधे ‘तो’ गरजत असायचा. पादचारी पुलाची लिफ्ट बंद पडून इतका काळ लोटला होता, की ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटीच दुरुस्तीला आली होती. कासिल्दाच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नव्हता आणि बसने गेलं तर दोन बस बदलून अर्ध्या शहराला प्रदक्षिणा. बिल्बाओला राहणारी तिची मुलगी आमाया म्हणाली होती, आई, भावाला नुसता हात हलवायचा तर तो फोटोलाही हलवता येईल, उन्हाळा संपला की तुला इकडे घेऊन येते. रस्ता सुधारला तर बघू, एवढी सवलत तिने दिली होती.

कासिल्दाने वाद घातला नाही. एक दिवस तिने बारवाल्या फर्मिनच्या हाती आपलं मसुराच्या डाळीचं पातेलं भावाकडे पाठवून दिलं. आईचं पातेलं. ‘मला आता एवढं मोठं कशाला,’ असा निरोप होता. ते पातेलं हातात घेतलं तेव्हा सातुर्निनोला कळलं, की ताई आवराआवर करायला लागली आहे.

म्हणून त्याने सभा बोलावली.

तिथली सभा कशी असते ते इथे सांगायला हवं. नोटिशीवर नेहमी दोन वेळा असतात. पहिलं बोलावणं सातला, दुसरं साडेसातला. पहिल्या बोलावण्याला निम्मे घरमालक हजर असावे लागतात, म्हणून त्याला कोणीच जात नाही. दुसऱ्याला जितके येतील तितके चालतात, म्हणून सगळे येतात. पहिल्या बोलावण्याला जाणं म्हणजे आपल्याला घरी कोणी विचारत नाही याची जाहीर कबुली. त्या अर्ध्या तासात टपालपेट्यांपाशी एकटा अध्यक्ष उभा असतो आणि आपणच लावलेली नोटीस पहिल्यांदाच बघतो आहोत अशा चेहऱ्याने वाचत असतो. सातुर्निनोनेही ती वाचली.

दुसऱ्या बोलावण्याला जिना गच्च भरला. एदुविगिसबाईंना बँड हवा होता. त्यांच्या भाच्याचा होता. फर्मिनला मोठ्या कढईतला भात करायचा होता, आणि कढई ठेवायला रस्त्याचा नेमका तोच भाग हवा होता जो त्याच्या बारसमोर येतो. कोणी म्हणालं नाच ठेवा, कोणी म्हणालं पाद्र्याला बोलवा, कोणी म्हणालं पाद्र्याला बोलवाल तर मी येणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एव्हारिस्तोने सरळ विरोध केला. त्याच्याकडे एक जुनी गाडी होती. ती तो चालवत नसे, फक्त दर शनिवारी धूत असे. पण उद्या अचानक चालवावीशी वाटली तर ‘तो’ असायला हवा, असं त्याचं म्हणणं.

“माझा विरोध लिहून घे,” एव्हारिस्तो म्हणाला.

“विरोध करायचा तर त्या दिवशी हजर राहावं लागेल,” सातुर्निनो म्हणाला. हे त्याला कुठून सुचलं कोण जाणे.

शेवटी सगळ्यांत साधं ठरलं. उन्हाळ्यात संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून गारव्याला बसायचं, हे प्रत्येकाने आपापल्या गावी लहानपणी केलेलं. तेच इथे करायचं. ज्याने त्याने आपली खुर्ची आणावी आणि रस्त्यावर बसावं.

सातुर्निनो रीतसर परवानगी काढायला गेला, आणि तिथे घोडं अडलं. पहिल्या खिडकीवरचा माणूस नाश्त्याला गेला होता. परत आल्यावर त्याने विचारलं, की खुर्च्यांसोबत टेबलं आहेत का. असतील तर ते हॉटेल धरलं जाईल. नाहीत म्हटल्यावर तो निराश झाला, कारण नुसत्या खुर्च्यांसाठी त्याच्याकडे काही सोय नव्हती. त्याने वाहतूक विभागात पाठवलं. वाहतूक विभागातल्या बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की द्रुतगती मार्गावर पायी माणूस असतच नाही; त्यामुळे जो नाहीच त्याला बसण्याची परवानगी कशी देणार. तो साधा रस्ता झाला की या. पण तो साधा रस्ता व्हावा म्हणूनच बसायचं आहे, असं सातुर्निनोने सांगितल्यावर त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने आपण होऊन टोपी घातली आणि बाहेर आला.

घरी बायको एर्मिनिया वाटच पाहत होती. तिचं मत पहिल्यापासून स्वच्छ होतं.

“घरातल्या पडद्याचा रंग तुला दोन वर्षांत ठरवता आला नाही,” ती म्हणाली, “आणि तू महामार्ग बंद करायला निघालास.”

सातुर्निनोने मान ताठ ठेवली. परवानगीशिवायच बसायचं ठरवलं आणि नोटीस लिहायला घेतली. नोटीस लिहिण्यात तो कोणाला हार गेला नसता. इंजिनिअर साडेसहाला येणार होती. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: रविवारी रस्त्यावर जमावं, आपापली खुर्ची आणावी. पहिलं बोलावणं साडेसहा. दुसरं बोलावणं सात. नोटीस कशी भरगच्च आणि कायदेशीर दिसू लागली. त्याने तिच्या प्रती काढल्या, ‘त्या’च्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या इमारतींत लावल्या, कासिल्दाच्या दारातही एक पोचवली. जो भेटेल त्याला तो विचारायचा, येणार ना? आणि जो तो म्हणायचा, न यायला काय झालं, नेहमीसारखे येतो. ‘नेहमीसारखे’ या शब्दाने त्याला फार धीर आला.

रविवार उजाडला तो चमत्कारिक शांततेत. ‘तो’ निपचित पडला होता. एव्हारिस्तोला त्या शांततेने पहाटेच जाग आली आणि त्याने बाल्कनीतून दोन शिव्या दिल्या, पण त्या इतक्या स्पष्ट ऐकू आल्या की तोच ओशाळला. दुपारी ऊन तापलं. सगळ्यांनी खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या आणि वस्ती झोपली.

सहाच्या सुमाराला सातुर्निनो खाली उतरला, लग्नाकार्याचा कोट घालून. एर्मिनियाने केसांना गुंडाळ्या लावल्या होत्या, ती म्हणाली तू हो पुढे. जाळीला पाडलेल्या वाटेतून तो रस्त्यावर आला. इतकी वर्षं ज्याच्याकडे वरून पाहिलं त्याच्या अंगावर उभं राहताना त्याने सवयीने दोन्हीकडे पाहून घेतलं. डांबर अजून भाजत होतं.

साडेसहाला पालिकेची गाडी आली. मधल्या कठड्याला एकच फट पाडली होती, एक गाडी जेमतेम जाईल एवढी. तिच्यातून ती सातुर्निनोच्या बाजूला येऊन थांबली. लेइरे नावाची तरुण इंजिनिअर उतरली. तिच्या हातात माणसं मोजायचं छोटं यंत्र होतं. अंगठ्याने दाबलं की टिक वाजायचं. तिने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. अंगठा तसाच राहिला.

“लोक येतायत,” सातुर्निनो म्हणाला.

लेइरे म्हणाली, की ती पंधरा मिनिटं थांबेल, फोटो काढेल आणि दुसऱ्या वस्तीकडे जाईल, तिथेही मोजायचं आहे. सातुर्निनोने इमारतींकडे पाहिलं. झडपांच्या पट्ट्यांमागे हालचाल होती. लोक घरातच होते. बघत होते. येत मात्र नव्हते. त्याच्या कोटाच्या आत घामाची धार लागली. ज्यांच्या जिन्यातले दिवे, ज्यांची गळकी गटारं त्याने वर्षभर सांभाळली, त्यांनी असं उघड्यावर पाडावं? त्याला संताप आला, आणि संतापाखाली भीती होती. दहा मिनिटांनी ही गाडी जाणार आणि उन्हाळा संपला की ताई जाणार.

तेवढ्यात वर एव्हारिस्तो बनियनवर बाल्कनीत आला. सूर्यफुलाच्या बिया सोलत त्याने खाली एकट्या अध्यक्षाकडे पाहिलं.

“सातुर्निनो, इतक्या लवकर काय करतोयस तिथे?”

“साडेसहा वाजून गेले.”

“मग? ते पहिलं बोलावणं,” एव्हारिस्तो म्हणाला. “पहिल्या बोलावण्याला कोण येतं?”

सातुर्निनोची पाचावर धारण बसली. आपलं वळणदार अक्षर त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो धावत दारापाशी गेला आणि इंटरकॉमची सगळी बटणं दाबत सुटला. प्रत्येक घरातून शांत आवाज आले. एदुविगिसबाई म्हणाल्या, सातला ना, मी अजून घरच्या झग्यात आहे. फर्मिनच्या कढईतलं तेल तापलं होतं, आता सोडता येणार नाही. एर्मिनियाने वरून विचारलं, की सात वाजले का, आणि नाही म्हटल्यावर इंटरकॉम ठेवून दिला. या माणसांना आगीतून बाहेर काढता आलं असतं, पण दुसऱ्या बोलावण्याच्या आधी नाही.

तो परत आला तेव्हा लेइरे गाडीत बसत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. जीभ अडखळत होती, पण काही लपवलं नाही. ती ऐकून घेताना ओठ दाबून हसली.

“माझ्या इमारतीतही असंच असतं,” ती म्हणाली. “पण साहेबांना मी काय लिहून देऊ? वस्ती आहे, पण ती अर्ध्या तासाने लागू होते?”

गाडी सुरू झाली.

आणि त्याच वेळी समोरच्या इमारतीचं दार उघडलं. कासिल्दा बाहेर आली. तिच्यापुढे स्वयंपाकघरातली खुर्ची होती, दोरीने विणलेल्या बैठकीची. ती खुर्ची पुढे सरकवायची, तिच्या पाठीला धरून एक पाऊल टाकायची, पुन्हा खुर्ची सरकवायची. रिकाम्या रस्त्यावर त्या चार पायांचा खरखर आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत होता. जाळीच्या वाटेतून ती ‘त्या’च्यावर आली तेव्हा लेइरेची गाडी जागीच थांबली आणि झडपांमागची हालचालही. सातुर्निनोला धावत जावंसं वाटलं आणि पाय उचलेना. ती पडेल अशी धास्ती होती, आणि आपण गेलो तर ती परत फिरेल अशीही.

कठड्याच्या फटीपर्यंत आल्यावर तिचा दम संपला. तिने खुर्ची तिथेच फिरवली आणि फटीच्या बरोबर मधे बसली.

लेइरेचा अंगठा आपोआप खाली गेला. टिक.

सातुर्निनो जवळ पोचला. इतक्या जवळून त्याने तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ती बाल्कनीतून दिसते त्यापेक्षा लहान होती.

“साडेसहाला बोलावलं होतंस ना?” कासिल्दा म्हणाली. “जरा उशीरच झाला.”

“ताई, हे पहिलं बोलावणं होतं.”

“तू बोलावलं की मला पहिलंच,” ती म्हणाली, आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसू लागली.

लेइरेची गाडी फटीसमोर येऊन थांबली. जायला दुसरी वाट नव्हती. या बाजूची दोन्ही टोकं पाण्याच्या पिंपांनी बंद केली होती. ती उतरली आणि अदबीने म्हणाली, आजी, गाडी काढायची आहे.

“काढ की, बाळ. पण एकदा बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात. एक तू झालीस.” कासिल्दाने भावाकडे पाहिलं.

सातुर्निनोने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घट्ट बांधले. खिडकीवरच्या प्रत्येक साहेबापुढे टोपी काढणाऱ्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा सरकारला नकार दिला. तोंडाने नाही दिला, तेवढी सवय नव्हती.

मग ते तिघे तिथे राहिले. ऊन कठड्यावरून हळूहळू उतरत होतं. लेइरेचा फोन वाजला. ती साहेबांना म्हणाली, हो, अडकले आहे. नाही, गाड्यांमुळे नाही. कासिल्दाचाही वाजला. बिल्बाओहून आमाया होती, आणि कासिल्दा तिच्याशी अंमळ मोठ्यानेच बोलली.

“घरी नाहीये गं. रस्त्यावर बसलेय... हो, ‘त्या’च्यावरच. मधोमध... नाही, पडले नाही. खुर्ची आणलीय.”

पलीकडून जे काही आलं ते तिने फोन कानापासून लांब धरून ऐकलं, आणि नंतर बोलू म्हणून बंद केला. सातुर्निनो घड्याळाकडे बघत नव्हता. सातलाही कोणी आलंच नाही तर काय, हा विचार मनात येऊ नये म्हणून तो डांबरावरचे पांढरे पट्टे बघत उभा होता.

सात वाजले.

आधी फर्मिनच्या बारचं शटर वर गेलं. मग एकेक दार. मग दोन्ही बाजूंनी सगळीच दारं. घडीच्या खुर्च्या, स्वयंपाकघरातल्या खुर्च्या, एकाची तर चाकांची, ऑफिसातली. एर्मिनिया केस फुगवून आली आणि म्हणाली, कोट काढ, उकडून मरशील. एदुविगिसबाई भाच्याच्या ट्रम्पेटसकट आल्या. फर्मिनने बटाट्याची ऑम्लेटं आणली. टिक, टिक, टिक, लेइरेचा अंगठा दुखायला लागला तेव्हा तिने हात बदलला. पलीकडची माणसं इकडच्यांना विचारत होती, तुम्ही इथेच राहता होय; आणि इकडची म्हणत होती, तुमच्या चादरी आम्ही ओळखतो. सर्वांत शेवटी एव्हारिस्तो आला, धुतलेल्या शर्टात, खुर्ची डोक्यावर घेऊन.

“मी विरोध करायला आलोय,” त्याने लेइरेला बजावलं.

“बसून करा,” ती म्हणाली, आणि टिक केलं.

मग तीही एका रिकाम्या खुर्चीवर टेकली आणि ऑम्लेटचा तुकडा खाल्ला. दुसऱ्या वस्तीतून निरोप आला होता, की तिकडे अजून कोणीच आलेलं नाही, दुसरं बोलावणं व्हायचं आहे. तिने निवांत फोटो काढले. मग कासिल्दाला एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने सातुर्निनोने धरून उठवलं, आणि गाडीला वाट झाली.

“झाडं कोणती हवीत ते तुम्हा लोकांना ठरवावं लागेल,” खिडकीतून लेइरे सातुर्निनोला म्हणाली. “मात्र नोटिशीवर एकच वेळ घाला.”

गाडी गेली. सातुर्निनोने खुर्ची परत कठड्यापाशी ठेवली, आणि कासिल्दा बसली. बिल्बाओचं काय, हे त्याला विचारायचं होतं. तो तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. समोर एव्हारिस्तो पलीकडच्या एका बाईला आपली गाडी किती स्वच्छ आहे ते सांगत होता.

“सातुर्निनो,” कासिल्दा मागे न बघता म्हणाली, “माझं पातेलं कुठाय?”

“घरी आहे.”

“घेऊन ये. मला लागणार आहे.”

तो जिना चढून वर गेला, एका दमात, डॉक्टरांनी मनाई केली असतानाही. पातेलं शोधायला वेळ लागला नाही. आलं त्या दिवसापासून ते ओट्यावर पालथंच होतं. एर्मिनियाने कितीदा म्हटलं, तरी त्याने त्यात एकदाही काही शिजवू दिलं नव्हतं.